मदत हवी आहे: २०२३ च्या यादीत पहिला नंबर कुणाला देऊ?

मंडळी, मी फोंड्याची. सिनेमातलं तांत्रिक काही कळत नाही, पण थिएटरला जायची हौस मोठी. सध्या जुन्या वर्षांच्या आवडत्या सिनेमांची क्रमवारी वहीत लिहितेय आणि २०२३ वर गाडी अडलीय.

'पठाण', 'जवान', 'गदर २' यांचं मी जमवेन. खरा पेच 'ओपनहायमर' आणि 'बाईपण भारी देवा' यांच्यात आहे. पहिला पणजीच्या आयनॉक्सला पाहिला. तीन तास! अणुचाचणीच्या स्फोटानंतर आवाज यायच्या आधीची ती शांतता अजून अंगावर येते. दुसरा आई आणि दोन मावश्यांबरोबर पाहिला. सहा बहिणींची मंगळागौर सुरू झाली तशी आईने माझा हात घट्ट धरला, शेवटपर्यंत सोडला नाही. तिची थोरली बहीण त्याआधीच्याच वर्षी गेली होती.

पण परवा घरी टीव्हीवर पुन्हा लावला, तर मधला भाग ताणलेला वाटला. 'ओपनहायमर' मात्र दुसऱ्यांदा जास्तच आवडला.

मग नंबर कशावर द्यायचा, थिएटरातल्या त्या दिवसावर की दुसऱ्यांदा पाहताना जे उरलं त्यावर? तुम्ही कसं ठरवता? तुमचे पहिले तीनही सांगा, आणि का तेही लिहा.