मदत हवी आहे: जुळ्या बहिणी जागा बदलतात तो सिनेमा कोणता? रविवारच्या आत हवा

मृण्मयी_नाशिक
नमस्कार. एका सिनेमाचं नाव हवंय. दोन जुळ्या बहिणी, हुबेहूब सारख्या. हिच्या घरी ती जाऊन राहते, तिच्या घरी ही. दोघींचंही कुणावर तरी प्रेम बसतं, शेवट गोड. आईने अर्धाच बघितलाय. मी दोन दिवस गूगल करतेय, भलतंच काहीतरी पुढे येतं. रविवारच्या आत सापडायलाच हवा. प्लीज लवकर सांगा.

पंचवटीकर
सीता और गीता. 1972. हेमा मालिनी. यात दोन दिवस शोधण्यासारखं काय आहे?

मृण्मयी_नाशिक
नाही हो काका, सीता और गीता आईला तोंडपाठ आहे. तो नाही.

आडगाव_नाका
मग चालबाज. 1989. श्रीदेवी दोन्हीकडे. एकीला बघून रडू येतं, दुसरीला बघून हसू आवरत नाही.

पंचवटीकर
चालबाज म्हणजे सीता और गीताच नव्या कपड्यांत. मूळ ते मूळ.

आडगाव_नाका
मूळच काढायचं तर 1967 चा राम और श्याम धरा. भित्रा भाऊ, धीट भाऊ, घरातला छळवादी माणूस, सगळं तिथे आधीच आहे. सलीम-जावेद यांनी त्याच्या बहिणी केल्या. आणि श्रीदेवीला चालबाजसाठी फिल्मफेअर मिळालंय, नुसत्या कपड्यांना देत नाहीत.

पंचवटीकर
हेमा मालिनीलाही सीता और गीतासाठीच मिळालं होतं.

तिसरी_रांग
दोघंही थांबा जरा. मृण्मयीताई, भाषा कोणती? साल? चॅनल? एकाच नटीने दोन्ही कामं केलीत की खऱ्या जुळ्या बहिणी आहेत? एवढं सांगितल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

मृण्मयी_नाशिक
इंग्रजी. टीव्हीवर लागला होता. साल माहीत नाही, पण फार जुना वाटत नव्हता म्हणे. खऱ्या जुळ्या की एकच, हे आई कसं सांगणार?

जुना_प्रोजेक्टर
सांगता येतं. आईंना विचारा, दोघी समोरासमोर उभ्या असताना एकमेकींचे हात धरतात का, मिठीत दोघींचे चेहरे एकाच वेळी दिसतात का. एकच नटी असेल तर बहुतेक वेळा मिठीत एकीची पाठच दिसते, ती पाठ बदली मुलीची. बोलताना दोघींच्या मधे टेबल, दार नाहीतर खांब येतो. पूर्वी कॅमेरा जागेवर घट्ट बसवायचे, भिंगाचा अर्धा भाग झाकून एक बाजू घ्यायची, फिल्म मागे फिरवायची, आणि नटीने कपडे बदलून दुसऱ्या बाजूला उभं राहायचं. मधल्या रेषेवरून हात गेला की हात कापला गेलाच. आता संगणकावर जोडतात, तरी नजर चुकते. समोर कुणी नसताना बघायचं असतं ना.

आणि नाशिककरांनी हे विसरू नये की आपल्या देशातला पहिला डबल रोल फाळक्यांच्या लंका दहनमधला, 1917. अण्णा साळुंके राम, अण्णा साळुंकेच सीता. हा माणूस आधी हॉटेलात स्वयंपाक करायचा, फाळक्यांनी तिथून उचलून आणून राजा हरिश्चंद्रमध्ये तारामती केला. फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरला, 1944 साली गेले ते इथे नाशिकमध्ये. पांडवलेणीच्या पायथ्याशी स्मारक आहे, तिथे पोरं येतात ती बागेत खेळायला. मला फार वाईट वाटतं.

आडगाव_नाका
काका, राम आणि सीता जुळे नाहीत.

जुना_प्रोजेक्टर
डबल रोल म्हणालो, जुळे नाही.

गंगापूर_रोड_वाचक
नेटफ्लिक्सवरचा द प्रिन्सेस स्विच बघा. 2018. व्हॅनेसा हजन्स. शिकागोची केक करणारी मुलगी आणि एक डचेस, दोघी दिसायला सारख्या, दोन दिवसांसाठी जागा बदलतात. याचे पुढे आणखी दोन भाग आले, 2020 आणि 2021 मध्ये. माझी खात्री आहे हाच.

तिसरी_रांग
त्या जुळ्या नाहीत, नुसत्या सारख्या दिसणाऱ्या आहेत. ताईंनी जुळ्या बहिणी म्हटलंय.

गंगापूर_रोड_वाचक
बघणाऱ्याला काय फरक पडतो?

तिसरी_रांग
पडतो. सारख्या दिसणाऱ्या दोघी अचानक भेटतात, तिथे गंमत योगायोगाची असते. बहिणींचं तसं नसतं. एकमेकींना लहानपणापासून ओळखतात, हेवा असतो, जुना राग असतो, आणि तरी तिच्या चपला घालून बघायच्या असतात. ही वेगळीच गोष्ट आहे.

मृण्मयी_नाशिक
राजवाडा-बिजवाडा काही नव्हता. साध्या घरातल्या बायका. मिठीचं आईला आठवत नाही, पण एकच नटी असावी असं तिला वाटतं.

कॉलेजरोड_94
द पेरेंट ट्रॅप! 1998 चा, लिंडसे लोहान. आधीचा 1961 चा. दोन्ही एरिश केस्टनरच्या जर्मन पुस्तकावरून.

मृण्मयी_नाशिक
त्यात लहान मुली आहेत ना? मी म्हणाले बायका. एकीला मुलं आहेत.

कॉलेजरोड_94
मुलं आहेत हे तुम्ही आत्ता म्हणालात.

स्मार्ट_टीव्ही_मदत
मोबाइल आणि टीव्ही एकाच वायफायवर ठेवा, मग कास्टचं चिन्ह दाबा. दिसत नसेल तर राउटर बंद करून दोन मिनिटांनी चालू करा. एचडीएमआय केबल घेतलीत तर सगळ्यात उत्तम, लांब घ्या, तीन मीटर तरी.

मृण्मयी_नाशिक
सिनेमाचं नावच सापडलेलं नाही अजून.

निफाडची_मंजू
मी स्वतः जुळी आहे म्हणून लिहिते. शाळेत आम्ही एकदाच जागा बदलली, भूगोलाच्या तासाला. बाईंना कळलं नाही, पण डबा खाताना मैत्रिणींना लगेच कळलं. चेहरा कितीही सारखा असू दे, चाल आणि हात वेगळे असतात. बोटांचे ठसेसुद्धा वेगळे असतात, आधार काढताना आम्हाला हे पहिलं सांगितलं. सिनेमात नवऱ्याला आठ-आठ दिवस कळत नाही हे मला कधीच पटलेलं नाही.

तिसरी_रांग
मंजूताई, म्हणूनच या सिनेमांत सगळ्यात आधी ओळखतं ते लहान मूल किंवा कुत्रा.

मृण्मयीताई, शेवटचं विचारतो. आईंनी हा सिनेमा बघितला कुठे? नाशिकमध्ये केबलवर?

मृण्मयी_नाशिक
नाही नाही, अमेरिकेत, दादाकडे. वहिनीचं बाळंतपण होतं तेव्हा, नोव्हेंबर-डिसेंबर. दुपारी बाळ झोपलं की आई टीव्ही लावायची. सारख्या जाहिराती. बाळ उठलं आणि तिचा शेवट हुकला.

तिसरी_रांग
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! सिनेमात नाताळ आहे का? आणि पडद्याच्या कोपऱ्यात मुकुटाचं चिन्ह?

मृण्मयी_नाशिक
आईला विचारलं. हो!! नाताळच नाताळ, झाडं, दिवे. आणि मुकुट होता, तिला वाटलं राणीचं चॅनल आहे. मला वाटलं हे महत्त्वाचं नाही.

तिसरी_रांग
हॉलमार्क, अमेरिकेतलं टीव्ही चॅनल. हे लोक ऑक्टोबर संपत आला की नाताळचे सिनेमे लावायला घेतात, दिवसरात्र. आता आईंना विचारा: एक बहीण शाळेत शिकवते का, दुसरी मोठ्या कंपनीत? आणि दोघींची आई वारलेली आहे का?

गंगापूर_रोड_वाचक
ते सगळे सिनेमे सारखेच. शहरातली बाई, लहान गाव, बर्फ, लाकूड तोडणारा देखणा माणूस. एक बघितला की सगळे बघितले.

सातपूर_माहेर
सारखे असतात म्हणूनच मी बघते. मागच्या वर्षी माझी केमो चालू होती. सलाइन लागलेलं असताना मला मध्येच कुणी मरणार नाही अशीच गोष्ट हवी होती. मोबाइलवर असले अकरा सिनेमे बघितले. सारखेपणाला नावं ठेवू नका.

गंगापूर_रोड_वाचक
ताई, माफ करा. तब्येत आता कशी आहे?

सातपूर_माहेर
बरी आहे. केस आले.

मृण्मयी_नाशिक
तिसरी_रांग, हो! एक शिक्षिका, तिला मुलं. दुसरी ऑफिसात. आई गेल्यानंतर दोघींचं नीट बोलणं उरलेलं नसतं. नाताळपर्यंत जागा बदलायचं ठरतं. एकीकडे शाळेचा कार्यक्रम, दुसरीकडे ऑफिसची पार्टी, आणि जिचं काम ते दुसरीलाच करायला लागतं.

तिसरी_रांग
स्विच्ड फॉर ख्रिसमस. 2017. कँडेस कॅमेरॉन ब्यूर, दोन्ही भूमिका तिच्याच. पोस्टर शोधून आईंना दाखवा.

मृण्मयी_नाशिक
हाच!!! आई चष्मा शोधायला उठली आणि चष्म्याविनाच ओळखलं. खूप खूप आभार.

द्राक्षबाग
माझ्याकडे टेलिग्रामचं एक चॅनल आहे, सगळे मिळतात. लिंक टाकू का?

जुना_प्रोजेक्टर
टाकू नका. चोरीचा सिनेमा बघण्यापेक्षा न बघितलेला बरा.

द्राक्षबाग
म्हाताऱ्या आईसाठी मागतायत, काका.

जुना_प्रोजेक्टर
आईसाठी असेल तर दादाला फोन करा. तो तिथे आहे, त्याच्याकडे ते चॅनल आहे, पैसे भरून आहे. सरळ मार्ग आहे की.

कॉलेजरोड_94
पण रविवारच का? एवढी घाई कशाची?

मृण्मयी_नाशिक
लिहिते. आई आणि नांदगावची मावशी जुळ्या आहेत. रविवारी दोघी पासष्ट पूर्ण करतात. मावशी शनिवारी येतेय, सोमवारी परत जाणार.

आईला बघायला बाबा आले त्या दिवशी तिला ताप होता, अंगावर गोवर उठला होता. पाहुणे नगरहून निघालेले, तेव्हा घरी फोन नाही, निरोप कसा देणार? आजीने मावशीला आईची साडी नेसवली आणि पोहे घेऊन पाठवलं. बाबांनी होकार दिला. लग्न आईशी झालं. ही गोष्ट दोघींनी आणि आजीने पोटात ठेवली.

बाबांना लग्नानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी कळलं. मावशी डावखुरी आहे. त्या दिवशी बशी डाव्या हाताने पुढे आली होती, आणि आई सगळं उजव्या हाताने करत होती. त्यांनी आईला विचारलं, आई रडायला लागली. बाबा म्हणाले, पोहे तिने दिले, पण मला पत्रं तू लिहिलीस, मी ती पत्रं वाचून मांडवात आलो. मधल्या चार महिन्यांत आईने सात पत्रं लिहिली होती, ती अजून कपाटात आहेत.

मावशीला मात्र अजून वाटतं की बाबांना कधी कळलंच नाही. बाबा जाऊन तीन वर्षं झाली. आईला आता तिला सांगायचंय, पण एकदम कसं सांगायचं हे कळत नव्हतं. अमेरिकेत हा सिनेमा बघताना तिला वाटलं, हा दोघींनी शेजारी बसून बघावा, म्हणजे विषय आपोआप निघेल.

निफाडची_मंजू
मी मघाशी हातांचं लिहिलं तेव्हा मला कुठे माहीत होतं. अंगावर काटा आला. मृण्मयी, सिनेमा नाही मिळाला तरी आईंना सांगू दे. मावशी इतकी वर्षं ते ओझं वागवतेय.

पंचवटीकर
सिनेमा नाही मिळाला तर सीता और गीता लावा. हे मी मनापासून सांगतोय. दोघींनाही भाषा कळेल.

आडगाव_नाका
या वेळी पंचवटीकरांशी सहमत.

स्मार्ट_टीव्ही_मदत
मी एचडीएमआय म्हणालो होतो, ती घेतली का?

मृण्मयी_नाशिक
दादाशी बोलले. तिकडे आत्ता तो लागत नाहीये, विकत मिळतो का बघून शुक्रवारी सांगतो म्हणाला. मिळाला नाही तर सीता और गीता. केबल उद्या आणते, तीन मीटरची.

मृण्मयी_नाशिक (सोमवार)
उशिरा लिहितेय. दादाला सिनेमा वेळेत मिळाला नाही. सीता और गीता लावला, मध्यंतरापर्यंतसुद्धा पोचलो नाही. आईने टीव्हीचा आवाज बंद केला आणि सांगितलं. मावशी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ती पत्रं दाखव. रात्री दीडपर्यंत दोघी वाचत होत्या. आज सकाळी मावशीला नांदगावच्या गाडीत बसवून दिलं, जाताना दोन पत्रं घेऊन गेली.

जुना_प्रोजेक्टर
छान झालं.

कॉलेजरोड_94
प्रोजेक्टरकाका, लंका दहनचा काही भाग अजून शिल्लक आहे असं वाचलंय. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात जाऊन बघता येईल का? नवीन धागा काढू?