शब्दचर्चा : 'डूलॅली' म्हणजे आपली देवळालीच!

ऑफिसातली ब्रिटनची एक सहकारी परवा कॉलवर वैतागून म्हणाली, "या क्लायंटपायी मी डूलॅली होणार." अर्थ विचारला तर म्हणे डोकं फिरणं. शब्द कुठून आला, हे तिलाही ठाऊक नव्हतं. शब्दकोश उघडला आणि उडालोच. देवळाली! नाशिकजवळची. कुणी अधिक सांगेल का?

— मी नाशिकचा. देवळालीत इंग्रजांची छावणी १८६१ पासूनची. मुदत संपलेल्या गोऱ्या शिपायांना मायदेशी धाडण्याआधी इथे आणून ठेवत. सैन्य नेणारी जहाजं साधारण ऑक्टोबर ते मार्च याच काळात सुटत. ज्याची मुदत एप्रिलात संपली, त्याला पुढचे कित्येक महिने नुसतं बसून काढावे लागत. काम नाही, वर उन्हाळा. मग दारू, मारामाऱ्या, गुप्तरोग. वर्षानुवर्षं सरळ वागलेली माणसंही इथे बिघडत. फ्रँक रिचर्ड्स या शिपायाने १९३६ साली छापलेल्या आठवणींत हे लिहून ठेवलंय. तिथे वेड्यांचं इस्पितळ होतं म्हणून शब्द आला, असं आमच्याकडेही सांगतात. मला मात्र रिकामटेकडेपणाचं कारण जास्त पटतं.

— मूळ शब्दप्रयोग 'डूलॅली टॅप' असा जोडीचा आहे, ते राहिलं. टॅप म्हणजे नळ नव्हे, टपली तर नव्हेच. तो आपला ताप! देवळालीचा ताप. पुढे इंग्रजांनी शेपूट गाळलं आणि नुसतं गावाचं नाव उरलं.

— म्हणजे मराठी शब्द इंग्रजीत गेला म्हणायचा?

— गावाचं नाव नक्कीच. तापावर एकट्या मराठीने हक्क सांगू नये. शिपाई मोडकीतोडकी हिंदुस्तानी बोलत आणि ताप तिथेही आहे. खुशीचं 'कुशी', देखोचं 'डेको', विलायतीचं 'ब्लायटी' ही भावंडंही त्याच बराकीतली. पण एक आहे : इंग्रजाला 'टॅप' समजावून सांगावा लागतो. 'डोक्याला ताप' म्हणणाऱ्या आपल्याला नाही.

— आणि 'ळ'चं काय झालं?

— मेला बिचारा. त्यांच्या जिभेला तो जमत नाही. 'व'सुद्धा गिळला, म्हणून 'देव'चं 'डू' झालं.

— सहकारीला कळवतो. पुढच्या कॉलवर तिच्याकडून 'देवळाली' म्हणवून घेईन, 'ळ'सकट.