पोकरच्या टेबलावर घड्याळ हवं की नको?

मांडवीकाठ
गेल्या शनिवारी पणजीला जहाजावर स्पर्धा खेळलो. आणखी दोघे बाद झाले की उरलेल्यांना पैसे, असा बबल आलेला. माझ्या डावीकडचे गृहस्थ प्रत्येक हँडला, म्हणजे पत्त्यांच्या प्रत्येक वाटपाला, मिनिटभर छताकडे बघायचे आणि मग पत्ते टाकून हँड सोडायचे. दुसऱ्या टेबलावर कोणी बाद होतंय का, एवढीच वाट बघणं चाललेलं. ३० मिनिटांच्या लेव्हलमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या एका टप्प्यात, आमचे ११ हँड झाले. टेबल नऊ जणांचं, म्हणजे डीलरची जागा दाखवणारं बटण धड दीड फेरीही फिरलं नाही आणि ब्लाइंड, म्हणजे सक्तीच्या पैजा, वाढले. प्रत्येक निर्णयाला ३० सेकंदांचं घड्याळ लावाच.

अडाणी_एक्का
रेंगाळणाऱ्यावर ‘टाइम’ मागायचा नियम आहे की. फ्लोअरवाला, म्हणजे स्पर्धेचा पंच, येतो, सेकंद मोजतो, मुदत संपली की पत्ते बाद. मागितला होता का तुम्ही?

मांडवीकाठ
नाही. गोम तिथेच आहे. चार तास ज्याच्याशी गप्पा मारल्या त्याच्यावर टाइम कोण मागणार? मागणाराच खडूस ठरतो. २०१६च्या पोकर वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत विल्यम कसूफ नावाचा खेळाडू बडबडत वेळ काढायचा. त्याच्यावर टाइम मागण्यावरून झालेली हुज्जत लोकांनी टीव्हीवर पाहिली. घड्याळाला भीड नसते.

तिर्री
मी वर्षातून दोनदा खेळते. रिव्हरला, म्हणजे शेवटचं पान उघडल्यावर, समोरच्याने ऑल-इन केलं (सगळे चिप्स लावले) की नुसता पॉट, म्हणजे मधे जमलेले चिप्स, मोजण्यातच माझी १५ सेकंद जातात. सराईतांना ३० पुष्कळ झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि बुद्धिबळाचा दाखला कृपया नको. तिथे वेळ अख्ख्या डावाची मिळते, कुठे उधळायची ते आपण ठरवतो.

डावा_हात
@तिर्री, त्यासाठीच टाइम बँकेची कार्डं देतात. एक कार्ड टाकलं की वाढीव सेकंद. सोप्या हँडला जपून ठेवा, अवघड वेळी उधळा.

तिर्री
आणि कार्डं संपल्यावर?

माजी_डीलर
मी दोन वर्षं पत्ते वाटलेत. घड्याळाचं बटण कोण दाबणार, हे इथे कुणालाच सुचलेलं नाही. पॉट सांभाळा, पैज मोजा, नवख्याला त्याची पाळी आल्याचं सांगा, वर हेही. शिवाय घड्याळ आलं की दोन सेकंदांत पत्ते टाकणारेही वीस सेकंद बसून राहतात. का, तर वेळेवरून पत्ते ओळखता येऊ नयेत! वर्ल्ड पोकर टूरने २०१७ साली घड्याळ सगळ्या मुख्य स्पर्धांत आणलं, पण पहिल्या हँडपासून नव्हे. पैसे मिळायला एका टेबलाएवढे खेळाडू बाद व्हायचे उरले की सुरू. तेवढंच पुरे.

मांडवीकाठ
बबलपासून लावलं तरी माझी तक्रार मिटली. ते छतवाले गृहस्थ पैसे घेऊन गेले. बबलला बाद कोण झालं, ते विचारू नका.

अडाणी_एक्का
विचारतोच. पत्ते काय होते?

मांडवीकाठ
गुलामांची जोडी. चार सेकंदांत सगळे चिप्स आत ढकलले.