व्हीटीएस आणि शिप रिपोर्टिंग: ओरल्ससाठी नेमका फरक सांगा

भुसावळचा_डेकवाला
राम राम मंडळी. सेकंड मेटच्या (जहाजावरच्या अधिकाऱ्याच्या) ओरल्सची, म्हणजे तोंडी परीक्षेची, तयारी चालू आहे. व्हीटीएस (व्हेसल ट्रॅफिक सर्व्हिस, किनाऱ्यावरून जहाजांच्या वाहतुकीवर नजर ठेवणारी सेवा) म्हणजे आपल्या भुसावळच्या रेल्वे कंट्रोलसारखंच ना? कंट्रोलरनं सांगितलं की गाडी लूपला, तसं व्हीटीएसनं सांगितलं की जहाज वळवायचं? मग टक्कर झाली तर जबाबदार कोण? आणि सोलासच्या (समुद्रावरच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पाचव्या प्रकरणातले नियम ११ आणि १२ वेगवेगळे का ठेवलेत? रिपोर्टचा ए, बी, सी अक्षरांचा फॉरमॅटही पाठ होत नाही.

तापीकाठ
भाऊ, रेल्वेची तुलना परीक्षकासमोर करू नका, तिथूनच उलटतपासणी सुरू होईल. व्हीटीएसला रडार, एआयएस (जहाजाची ओळख, स्थान, वेग आपोआप कळवणारी यंत्रणा) आणि व्हीएचएफ रेडिओ एवढंच हाताशी असतं. तुमचं जहाज किती मैलात वळतं, इंजिन मागे घ्यायला किती वेळ लागतो, हे तिथं बसलेल्याला दिसत नाही. म्हणून सूचना दिलीच तर ती परिणामाची असते: अमुक बॉयच्या (तरंगत्या खुणेच्या) आत येऊ नका, पुढच्या जहाजाला आधी जाऊ द्या. सुकाणू किती अंश आणि इंजिन किती, हे ब्रिजवरच ठरतं. जबाबदारी मास्टरचीच (कप्तानाचीच), बंदराचा वाटाड्या म्हणजे पायलट चढलेला असला तरी. टक्कर टाळण्याचे १९७२ चे नियमही व्हीटीएसच्या हद्दीत जसेच्या तसे लागू राहतात.

नियम ११ रिपोर्टिंगचा, १२ व्हीटीएसचा. रिपोर्टिंगमध्ये जहाज कळवतं आणि किनारा नोंद ठेवतो. व्हीटीएसमध्ये किनारा वाहतुकीवर नजर ठेवून उलट बोलतो.

जुनं पुस्तक वापरत असाल तर सावध. आयएमओच्या (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या) १९९७ च्या ए.८५७(२०) ठरावात माहिती सेवा, नौकानयन साहाय्य आणि वाहतूक नियोजन अशा तीन सेवा होत्या. २०२१ च्या ए.११५८(३२) नं ती विभागणी काढली. तीन नावं घोकून गेलात तर अडकाल.

खलाशी_धुळे
फॉरमॅट अर्थाशी जोडला की राहतो. ए नाव आणि कॉल साइन. बी वेळ, सहा आकडे: तारीख, तास, मिनिटं. सी स्थान: अक्षांश चार आकडी, रेखांश पाच आकडी. ई खरा कोर्स तीन आकडी. एफ वेग, नॉट (तासाला सागरी मैल) आणि दशांश मिळून तीन आकडे, म्हणजे साडेनऊ नॉट ०९५. जी मागचं बंदर, आय पुढचं बंदर आणि ईटीए (पोचण्याची अंदाजे वेळ), ओ ड्राफ्ट, म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बसतं ते, मीटर-सेंटिमीटरमध्ये (११.४० मीटर म्हणजे ११४०), पी माल, क्यू बिघाड, डब्ल्यू माणसं. प्रत्येक ठिकाणी सगळी अक्षरं लागत नाहीत. कुठं कोणती, हे ॲडमिरल्टीच्या रेडिओ सिग्नल्सच्या सहाव्या खंडात बघायचं.

सर्वात जास्त चुका बी मध्ये होतात. जहाजाच्या घड्याळावर १४३० वाजलेत म्हणून तेच टाकलं, आणि शेवटी झेड (यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची खूण) लावला. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे ०९०० झेड हवं होतं. साडेपाच तासांची चूक म्हणजे दहा नॉटला ५५ मैल!

तटरक्षक दलाची इंडसार प्रणाली मुंबईच्या एमआरसीसीकडून (सागरी बचाव समन्वय केंद्राकडून) चालते आणि तिचा हेतू शोध-बचाव. तिथं चार संदेश: निघताना सेलिंग प्लॅन, मध्ये पोझिशन रिपोर्ट, मार्ग बदलला तर डिव्हिएशन, पोचल्यावर फायनल. फायनल विसरलात तर तुम्ही सुखरूप बंदरात असताना तिकडे जहाज बेपत्ता समजून चौकशी सुरू होते.

भुसावळचा_डेकवाला
बठ्ठं समजनं भाऊ. एआयएस चालू असेल तर तोंडी रिपोर्ट कशाला, एवढंच विचारायचं राहिलं.

तापीकाठ
कारण एआयएसमधलं निम्मं माणसानं भरलेलं असतं. नांगर टाकून दोन तास झाले तरी स्थिती 'अंडर वे यूझिंग इंजिन'च, ड्राफ्ट मागच्या बंदराचा, डेस्टिनेशन दोन बंदरांपूर्वीचं, हे रोज दिसतं. न्हावा शेवाला जाताना डेस्टिनेशनमध्ये आयएनएनएसए हा बंदराचा कोड हवा.

शिवाय एआयएसचा वेग जमिनीवरचा असतो, पाण्यातला नाही. आपली तापी सुरतेच्या खाली ज्या खंभातच्या आखातात उतरते, तिथं भरती-ओहोटीचे प्रवाह जबर. ओहोटीत दिसणारा वेग धरून आत जायचा ईटीए दिला तर तो चुकणारच, आणि पायलटची वेळ त्यावरच लागते.

खलाशी_धुळे
एक भर. हद्दीत शिरण्याआधीच चॅनेल ऐकायला लागा, म्हणजे कोण येतं-जातं ते कळतं. सूचना मिळाली की नुसतं 'रॉजर' म्हणू नका, ती शब्दशः परत वाचा. आणि 'वॉर्निंग', 'ॲडव्हाइस', 'इन्स्ट्रक्शन' यांतला कोणता शब्द आधी आला, त्याकडे कान ठेवा. सल्ला पाळला नाही तर तुमचा निर्णय, इन्स्ट्रक्शन पाळता येत नसेल तर कारणासह लगेच कळवायचं. गप्प राहणं सर्वात वाईट.