मदत हवी आहे: आकाशातल्या दिव्यांचा व्हिडिओ खरा की बनाव, हे कसं तपासायचं?

नमस्कार मंडळी,

माझ्या भाचीने रात्री गच्चीवरून मोबाइलवर एक व्हिडिओ घेतलाय. तीन नारिंगी दिवे, साधारण एका रेषेत, अगदी सावकाश सरकताना दिसतात. आवाज अजिबात नाही. मग एकेक करत विझतात आणि नुसतं काळं आभाळ उरतं. तिने तो टाकला आणि खाली लगेच दोन तट पडले. एकाला त्यात परग्रहावरचं यान दिसतं, दुसऱ्याला शुद्ध थाप. 'एआयने बनवलाय', 'लाइक्ससाठी काहीही' असं तिचं नाव घेऊन लिहिताहेत. पोरगी रडकुंडीला आली आहे. तिने काहीतरी पाहिलं याबद्दल मला शंका नाही, पण काय पाहिलं ते तिलाही सांगता येत नाही आणि मलाही.

मला खटकतं ते हे की या वादात दोनच खुर्च्या मांडलेल्या असतात. अमेरिकी हवाई दलाच्या 'प्रोजेक्ट ब्लू बुक' या उडत्या तबकड्यांच्या तपासात 1947 ते 1969 या काळातल्या 12,618 नोंदी जमा झाल्या, त्यातल्या 701 चा उलगडा झाला नाही. विश्वास ठेवणारे ते 701 धरून बसतात, न ठेवणारे उरलेल्यांकडे बोट दाखवतात. पण त्या उरलेल्यांतही खोटं बोलणारे थोडेच होते. बहुतेकांनी ग्रह, फुगे, विमानं असं काहीतरी खरोखरच पाहिलं होतं. डिसेंबर 2024 मध्ये न्यू जर्सीतल्या गूढ ड्रोनच्या वेळीही तेच झालं. एफबीआयकडे 5,000 हून जास्त तक्रारी आल्या, त्यातल्या साधारण 100 पुढे तपासण्यासारख्या निघाल्या. बाकी परवानगीचे ड्रोन, विमानं, हेलिकॉप्टर निघाले; चक्क ताऱ्यांनाही लोक ड्रोन समजले होते. त्या सगळ्यांना लबाड म्हणायचं का?

तर जाणकारांनी सांगा: व्हिडिओत छेडछाड झालेली नाही हे दाखवायचं कसं? आणि ते दिवे कशाचे असतील हे शोधायला सुरुवात कुठून करायची?

प्रतिसाद १

हौशी आकाश निरीक्षक आहे, म्हणून लिहितो.

तुम्ही दोन प्रश्न वेगळे ठेवलेत ते फार बरं केलंत, कारण व्हिडिओ अस्सल असूनही प्रकार बनावट असू शकतो. 2009 च्या जानेवारी-फेब्रुवारीत न्यू जर्सीतच मॉरिसटाउनजवळ आकाशात लाल दिवे दिसले. लोकांनी पोलिसांना फोन केले, व्हिडिओ घेतले, वाहिन्यांवर चर्चा झाल्या. दोन तरुणांनी हेलियमच्या फुग्यांना जळते फ्लेअर (भडक उजेड देणाऱ्या नळकांड्या) बांधून सोडले होते, आणि 1 एप्रिलला त्यांनी स्वतःच ते जाहीर केलं. फसवणूक झाली होती, पण पाहणाऱ्यांपैकी एकानेही खोटं सांगितलं नव्हतं. हे भाचीला नक्की सांगा.

आता फाइलबद्दल. व्हॉट्सअॅपवर फिरलेली प्रत तपासायला घेऊ नका. ती दाबली गेलेली असते, वेळेची वगैरे माहिती पुसली जाते. फोनमधली मूळ फाइल केबलने काढा, कापू नका, झूम करून पुन्हा सेव्ह करू नका. मेटाडेटा, म्हणजे फाइलमधली ही वेळेची वगैरे माहिती, बदलता येतो, त्यामुळे तो एकटा पुरावा नाही. चौकटीत कठडा किंवा इमारतीची कड आली असेल तर ती सोन्यासारखी. हात हलला की कड आणि दिवे दोन्ही एकत्र हलायला हवेत. नंतर चिकटवलेले दिवे कडेच्या मानाने पुष्कळदा किंचित घसरतात, एकेक फ्रेम पुढे नेत पाहिलं की कळतं.

दिव्यांबद्दल माझा कल उडत्या कंदिलांकडे आहे. नारिंगी, निःशब्द, वाऱ्याबरोबर वाहणारे, आणि जळण संपलं की एकेक करून मालवणारे. स्टारलिंक उपग्रहांची रांग बरीच लांब आणि पांढरी असते. शुक्र असा सरकत नाही. विमान अंगावर येत असेल तर त्याचा दिवा थांबल्यासारखा वाटतो खरा, पण बाजूने जाताना लाल किंवा हिरवा दिवा दिसतोच. दिवा मध्येच फुगून तबकडी झाला असेल तर तो फोनचा फोकस चुकलाय, त्यावर वेळ घालवू नका.

एक मात्र लक्षात घ्या. 'विझले' की 'आड गेले' हे व्हिडिओवरून ठरवता येतंच असं नाही. 13 मार्च 1997 ला अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये रात्री दहाच्या सुमारास दिसलेले दिवे एकापाठोपाठ गेले. ते ए-10 या लष्करी विमानांनी सोडलेले फ्लेअर होते, खाली येता येता शहराबाहेरच्या डोंगररांगेमागे दडत होते. अंधारात ती रांग कोणालाच दिसत नव्हती. म्हणून तीच चौकट दिवसा, त्याच जागी उभं राहून पुन्हा घ्या आणि दोन्ही एकावर एक ठेवून पाहा.

प्रतिसाद २

मी संशय घेणाऱ्यांतला. 2007 मध्ये हैतीतल्या उडत्या तबकड्यांचा व्हिडिओ जगभर फिरला होता. लोकांनी बारकाईने पाहिलं तर ताडासारखं एकच झाड जागोजागी उमटवलेलं. पुढे कळलं की एका फ्रेंच अॅनिमेटरने संगणकावर बनवला होता. तेव्हा प्रश्न विचारणं गैर नाही. पण ते व्हिडिओला विचारावेत, मुलीच्या चारित्र्याला नव्हे. तिच्या नावावर घसरलेल्या कॉमेंट्सची तक्रार करा, उत्तरं देत बसू नका.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मूळ फाइल फोनमध्ये आहे, आणि कोपऱ्यात पाण्याच्या टाकीची कड दिसतेय! शिवाय तिच्या मैत्रिणीनेही दुसरीकडून तेच दिवे पाहिले असं आज कळलं. तिला काय काय विचारू? आणि त्या रात्रीचा वारा कुठला पाहायचा?

प्रतिसाद १

मैत्रिणीला आधी भाचीचा व्हिडिओ दाखवू नका, नाहीतर आठवण त्याच्यासारखी होऊन बसेल. तिने पाहिलेलं तिच्याच शब्दांत लिहून घ्या. मग ती उभी होती तिथे जाऊन दिवे कोणत्या इमारतीच्या वर होते ते दाखवायला सांगा. दोन जागांवरून दोन रेषा नकाशावर ओढल्या की जिथे छेदतात तिथे दिवे. अंतर कळलं की उंची आणि वेगाचा अंदाज बांधता येतो. वाऱ्यासाठी फक्त जमिनीलगतची नोंद बघू नका, काही शे मीटर वर त्याची दिशा वेगळी असू शकते. हवामानाच्या बऱ्याच संकेतस्थळांवर उंचीनुसार वारा दिसतो. दिवे ज्या बाजूला सरकले त्याच बाजूला वारा वाहत होता आणि वेगही जुळला, तर कंदील किंवा फुगे. वाऱ्याच्या उलट सरकले असतील तर इथे जरूर लिहा, मग ड्रोन आणि हेलिकॉप्टरच्या बाजूने नव्याने पाहू.