शब्दचर्चा : 'स्वसंरक्षण' की 'खाजगी संरक्षण'?

प्रश्न : कायद्याच्या मराठी पुस्तकात 'खाजगी संरक्षणाचा हक्क' असं वाचलं. साधं 'स्वसंरक्षण' का नाही? 'खाजगी' म्हटलं की डोळ्यांपुढे सफारीतला बॉडीगार्ड येतो.

उत्तर : 'स्वसंरक्षण' तोकडं पडतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५ (जुन्या दंड संहितेतलं ९७) स्वतःच्याच नव्हे, कुणाच्याही शरीराचा बचाव करू देतं. चोरी, जबरी चोरी, आगळीक (म्हणजे मालमत्तेची नासधूस), फौजदारी अतिक्रमण यांपासून मालमत्तेचाही. शेजारणीला ढकलून तिची पोत ओढणाऱ्याच्या हातावर तुम्ही दांडकं हाणलंत, तर त्यात 'स्व' कुठेच नाही, पण हक्क आहे. आणि 'खाजगी' इथे 'सरकारी'च्या विरुद्ध. होळकरांची 'दौलत' (राज्याची) वेगळी नि 'खासगी' (घराण्याची) वेगळी, तसं. राखण करणं हे राज्याचं काम. ते वेळेवर पोचत नाही तिथे माणसाने करायचं ते खाजगी. म्हणून तर पोलिसांकडे जायला सवड असेल, तर कलम ३७ हा हक्क नाकारतं.

प्रश्न : म्हणजे सरकारने दिलेला हक्क? इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने तर १६५१ मध्येच लिहिलं, की बळजबरीपुढे स्वतःचा बचाव करणार नाही असा करार मुळातच रद्दबातल. जन्मजात हक्काला कलम कशाला लागतं?

उत्तर : कलम ३४ नीट वाचा. हा हक्क बजावताना केलेली कोणतीही गोष्ट अपराध नाही, एवढंच त्यात आहे. हक्क कुठून आला यावर चकार शब्द नाही. तो आहे हे गृहीतच. सरकार आपली बाजू राखतं ती ३७ मध्ये. लोकसेवकाने पदाच्या अधिकारात 'सद्भावपूर्वक' केलेली कृती कायद्याला काटेकोर धरून नसली, तरी तिच्याविरुद्ध हात उचलता येत नाही. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल तरच येतो. हा 'सद्भाव' म्हणजे गोडवा नव्हे हं, योग्य ती दक्षता! मला ही सवलत जरा सढळच वाटते.

आणखी एक : हल्लेखोराला जुना शब्द 'आततायी', म्हणजे धनुष्य ताणून आलेला. असा चालून आला तर गुरू असो वा विद्वान ब्राह्मण, विचार न करता मारावा, असं मनुस्मृती सांगते. आजच्या कायद्यात 'विचार न करता' बसत नाही. गरजेपेक्षा जास्त इजा केली की हक्क संपला.

शिवाय आज 'आततायी' म्हणजे उतावळा, अविचारी. जबाबात तो शब्द आला तर वाचणाऱ्याला फिर्यादीच आततायी वाटायचा. बातमीत 'स्वसंरक्षण' चालेल, अर्जात 'खाजगी संरक्षण'च लिहा.