गोलपोस्टसमोर हरळी टिकतच नाही, पाणी घालून दमलो, कोण सांगेल का काय करायचं?

ग्राउंड_फुलेवाडी
रामराम मंडळी. कोल्हापुरात फुलेवाडीकडं आमच्या शाळेचं ग्राउंड आहे, दीडेक एकर, सगळी हरळीच. दोन वर्षांमागं पोरं आणि पालकांनी मिळून भर पावसात कांड्या लावून केलंय त्यामुळं लई जीव आहे त्याच्यावर. यंदा पावसाळ्यात अख्खं हिरवंगार होतं पण दोन्ही गोलसमोर नुसती काळी माती, तुळतुळीत. गणपती झाल्यापासून रोज संध्याकाळी अर्धा तास पाईप धरून उभा असतो, युरिया पण दोनदा फेकला, पाणी वरच्यावर साचतं आणि सकाळी बघावं तर शेवाळ धरलेलं. आणि कंपाउंडकडच्या कोपऱ्यात, जिथं कोण खेळत पण नाही, तिथं पिवळे चट्टे पडलेत, ते का ते कळंना. डिसेंबरात मॅचेस सुरू होतात. एकजण म्हणतोय वरून चार इंच तांबडी माती टाकून नवीन लॉन अंथरू, पण तेवढा पैसा शाळेकडं नाही. काय करू?

वाफसा_बघून_खेळा
सर, आधी पाईप बंद करा. मी क्रिकेट आणि फुटबॉल दोन्ही ग्राउंड सांभाळलीत, हे पाण्याचं दुखणं नाही, माती दाबल्याचं आहे. एक मोठा स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि गोलसमोर हाताच्या जोरानं खुपसून बघा, मग तसाच मधल्या कडेला जिथं गवत चांगलं आहे तिथं खुपसा. फरक हाताला कळतोय. काळी माती ओली असताना तिच्यावर पोरं नाचली की आतली हवा निघून जाते, मुळाला श्वास घेता येत नाही, पाणी खाली उतरत नाही, मग वर शेवाळ येणारच.

आपल्या तालमीत बघा की, कुस्तीचा हौदा रोज खोऱ्यानं उकरून भुसभुशीत करतात, माती दगड झालेली कोण चालवून घेत नाही. फुटबॉलच्या मातीला मात्र वर्षभर तुडवायचं आणि एकदा पण मोकळी करायची नाही, असं कसं चालेल.

मी उद्यमनगरात एका वेल्डिंगवाल्याकडनं पोकळ पाईपचा पंजा करून घेतला, पायानं दाबायचा, बोटाएवढ्या जाडीचं मातीचं गुंडकं बाहेर येतं. भोकं चार इंच खोल आणि चार-पाच इंचावर एक. नुसता खिळा ठोकून भोक पाडलं तर बाजूची माती अजून दाबली जाते, म्हणून माती बाहेर निघणारंच पाहिजे. मग धुतलेली वाळू, डस्ट नसलेली, झाडूनं भोकात ढकलायची. गोलसमोरची सहा यार्डाची पेटी फुल साईज असली तर भरते जवळजवळ एक गुंठा, त्याला पाव इंचाचा थर धरला तर पाव ब्रास वाळू पुरते. चार इंच तांबडी माती अजिबात टाकू नका, खाली काळी वर तांबडी असे दोन थर झाले की पाणी मधेच अडतं आणि तिच्याबरोबर लव्हाळा फुकट येतो.

नवीन लॉन विकत कशाला, ग्राउंडच्या कडेचीच हरळी मुळासकट चौकोनी काढून गोलसमोर बसवा, कडा परत भरून येते. आत्ताच करा. हे गरम हवेचं गवत आहे, 27 ते 35 डिग्रीत जोरात पळतं, ऑक्टोबरची ऊन हातची घालवू नका, थंडी पडली की वाढ थांबल्यासारखी होते. बसवल्यावर सहा-आठ आठवडे तिथं पाय नको, प्रॅक्टिसचे गोल ग्राउंडच्या रुंदीत आडवे लावा.

युरिया एका गुंठ्याला महिन्याला एक किलोच्या वर नको, तो पण पाणी देऊन लगेच विरघळवायचा. आणि कटिंग कशानं करता?

ग्राउंड_फुलेवाडी
महिन्यातनं एकदा ब्रश कटरनं, शिपाई मामा करतात. कापल्यावर आठ दिवस पिवळंच दिसतं.

वाफसा_बघून_खेळा
तेच ते. वाढलेलं गवत एकदम खाली आणलं की हिरवा भाग सगळा जातो आणि उरतात नुसत्या काड्या, मग मुळं पण आखडतात. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापायचं नाही, फुटबॉलला इंच-सव्वा इंच ठेवायचं, पावसाळ्यात आठवड्याला दोनदा फिरवायला लागतं. कापून झालं की एक पात हातात घेऊन टोक बघा, पांढरं आणि फाटलेलं दिसलं तर ब्लेडला धार नाही.

उसवाला_करवीर
कोपऱ्यातल्या चट्ट्याचं मी सांगतो. शेतात ही हरळी काढता काढता आमचा जन्म जातोय, पण तुमच्या पोरांनी लावलीय तर वाचलीच पाहिजे. पिवळा चट्टा हातानं धरून वर ओढा. गोधडी उचलल्यासारखा सुटला तर मुळं खाल्लीत, खाली हुमणी आहे. पांढरी अळी, डोकं तपकिरी, इंग्रजी सी सारखी वळलेली. तिथं जवळ कडुलिंब नाहीतर बाभूळ आहे का?

रंकाळा_व्ह्यू
मधेच विचारतो, आमच्या बंगल्यात आंब्याखाली लॉन दरवर्षी मरते, हीच भोकं पाडू का?

वाफसा_बघून_खेळा
काका, तिथं भोकांनी काय होणार नाही. हरळीला दिवसातनं सहा तास तरी थेट ऊन पाहिजे. कोरियन गवत थोडी सावली सोसतं पण दाट आंब्याखाली ते पण रडतंय. तेवढ्या जागेत फरशा घाला नाहीतर सावलीची झाडं लावा.

ग्राउंड_फुलेवाडी
आज सकाळी पोरांना घेऊन बघितलं. गोलसमोर स्क्रू ड्रायव्हर बोटभर पण गेला नाही, मधल्या कडेला मुठीपर्यंत गेला. आणि कोपऱ्यातली हरळी खरंच गोधडीगत उठली दादा, एक फूट चौकोनात पाच अळ्या, करंगळीएवढ्या. भिंतीपलीकडं कडुलिंब आहे.

उसवाला_करवीर
मग पक्कं. आत्ता अळी मोठी झालीय, औषधाला सहजी दबत नाही. त्या कोपऱ्यात उकरून पोरांकडनं वेचून घ्या, बगळे-साळुंक्या पण येतील, हाकलू नका. मेटारायझियम म्हणून अळी मारणारी बुरशी मिळते, ती ओल असताना मातीत द्या. खरा घाव मे-जूनला घालायचा, वळीव झाला की संध्याकाळी ह्याच हुमणीचे भुंगेरे त्या कडुलिंबावर जमतात, फांद्या हलवून पाडायचे आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे. भुंगेऱ्याची एक मादी मारली की तिची सगळी अंडी गेली.

ग्राउंड_फुलेवाडी
ठरलं. या शनिवारी पंजा करायला टाकतो, रविवारी वेचणी. एकच शंका, पाऊस पडून गेल्यावर किती दिवसांनी खेळायला सोडू? पोरं थांबत नाहीत.

वाफसा_बघून_खेळा
दिवस मोजू नका. मूठभर माती दाबा, गोळा झाला आणि बोटानं टोचल्यावर फुटला तर वाफसा आलाय, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, सोडा. बोट नुसतं रुतलं आणि हाताला चिकटली तर त्या दिवशी डांबरी रोडवर पळवा.